समुद्रात टरबूज

चुडामणनानांनी तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ ढवळलं, डोळे मिटले अन् घटाघटा प्यायले. तिसऱ्या घोटाला सगळं अंगणात.

"हाई काय चालू शे?" सुंदरबाई दारातून ओरडल्या.

"नायक बुडतोय," नाना खोकत म्हणाले. "चव नको का कळायला?"

"बुडू द्या त्याले! मीठ मना घरनं शे."

नवऱ्याच्या लिहिण्याचं त्यांना एवढंच कौतुक. नाना दोंडाईच्याच्या जिनिंगमध्ये कापूस तोलायचे अन् कादंबऱ्या लिहायचे. दोन छापल्या, दोन्ही समुद्रावर. समुद्र पाह्यला म्हणाल तर एकदाही नाही. मूळ गाव तापीकाठचं, उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत टरबुजं लावणारं. पुरातली तापी घ्यायची, दहानं गुणायची, झाला समुद्र. दोन्हींचे गठ्ठे धुळ्याला प्रकाशकाच्या माळ्यावर धूळ खात पडलेले. बाहत्तरच्या दुष्काळात तो म्हणाला, "नाना, ही तिसरी. नाही खपली तर पुन्हा येऊ नका."

प्रकाशकाच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला मुख्तार होता. सातवीतून शाळा सोडलेला, तोंडाचा फटकळ, पण नानांना कुणी हसलं की त्याची कॉलर धरायचा. तिसरी कादंबरी जुळवता जुळवता त्याचा हात थांबला. दर सालासारखा समुद्र आटला, लिहिलं होतं, अन् नायकानं उघड्या पडलेल्या वाळूत टरबुजं लावली, विकली, लग्न केलं! मुख्तार कामासाठी सुरतेला राहून आलेला, त्यानं दर्या पाह्यला होता. हे छापलं तर पुण्या-मुंबईचे लोक नानांना उभं राहू देणार नाहीत. प्रूफ घेऊन त्यानं दोंडाईच्याची एसटी पकडली.

"नाना, दर्या आटत नाही."

"मे महिन्यात पण?"

"कधीच नाही."

नानांनी प्रूफमधलं ते पान पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "मग तिथले लोक टरबूज लावतात कुठं?"

मुख्तारनं हसू गिळलं. "ते पान काढा."

"काढू कसं? लग्न मोडेल ना रे पोराचं!"

प्रूफ नानांनी ठेवून घेतलं. दोन दिवसांनी छापखान्यात परत आलं तेव्हा ते पान तसंच. फक्त 'दर सालासारखा' खोडून वर लिहिलेलं, 'त्या साली'. त्या साली समुद्र आटला.

"वा रे नाना!" मुख्तार छापखान्यातच ओरडला.

दुष्काळानं पोळलेल्या लोकांना वाटलं, हे आपलंच लिहिलंय. सहा महिन्यांत आवृत्ती संपली. प्रकाशक स्वतः पेढे घेऊन आला, चौथी मागायला. मुख्तार गावभर सांगत सुटला, डोकं असावं तर नानांसारखं.

चार वर्षांनी नानांनीच चहा पिता पिता मुख्तारला सांगून टाकलं. प्रूफ ठेवून घेतल्यावर नाना ते पान फाडायलाच निघाले होते. 'त्या साली' हे शब्द भाकरी थापता थापता सुंदरबाईंनी सुचवले होते.