कुमुदताईंचे नाक

प्रथम तक्रार. कुमुदताई वैरागडे यांच्या षष्ट्यब्दीचा समारंभ, आणि सत्कार समितीने अल्पोपाहार ठरवला आहे तो उकडलेले चणे, काकडी आणि बिनसाखरेचा चहा. सत्कार आणि समोसा यांचा नित्य संबंध संस्कृत पाठशाळेत मला कोणी शिकवला नाही हे खरे. पण रायपूर या नव्या राजधानीत इतकी वर्षे बातमीदारी केल्यावर तो मी प्रत्यक्ष प्रमाणाने सिद्ध केला आहे. माझा निषेध नोंदवून घ्यावा. चणे मीही खाईनच म्हणा. समोर ताई बसलेल्या असतील, न खाऊन जातो कुठे?

ताईंची ओळख झाली ती भीतीपोटी. राज्य नवे झाले, नागपूरच्या कचेरीने मला रायपूरला धाडले आणि नव्यानव्या खात्यांच्या पत्रकार परिषदांत कचोरी-जिलेबी खात मी लोकशाहीची सेवा करू लागलो. लवकरच रक्तातली साखर वाढली, यकृतावर चरबी चढली. माझ्या वडिलांनाही मधुमेह होता. त्यांच्या अंगठ्याला चप्पल लागली तेव्हा ते "काही नाही रे" म्हणाले होते. पुढे पाय घोट्यापासून काढावा लागला. माझा रिपोर्ट हातात आला तेव्हा मला आकडे दिसलेच नाहीत, तो पाय दिसला.

बूढापाऱ्यात तलावाजवळच्या गल्लीत ताई आहाराचा सल्ला देतात. त्यांनी रिपोर्ट पाहून बाजूला ठेवला. "आता घरचं तळणीचं तेल आणा. डब्यासकट."

आपल्या घरांत तळण झाले की उरलेले तेल गाळून झाकणाच्या डब्यात शेगडीशेजारी ठेवतात आणि फोडणीला वापरत राहतात. काय काय खाता, असे विचारले तर हा डबा कोणी सांगत नाही. तो खाण्यात धरावा असे कोणाला वाटतच नाही. ताईंनी हे फार आधी ओळखले होते. मी चौबे कॉलनीतल्या घरून डबा पिशवीत लपवून नेला. त्यांनी झाकण काढले आणि एकदाच हुंगले.

"दिवाळीचा चिवडा. त्यावर शंकरपाळे. मग पापड. आणि परवा भजी."

माझ्या स्वयंपाकघराची वंशावळ त्यांनी एका श्वासात सांगितली. ती घरी ऐकवल्यावर सौभाग्यवतींनी जे मौन धारण केले, ते ऋषींनाही जमले नसते.

असे पुन्हापुन्हा तापवलेले तेल, साखर, पांढऱ्या भाताचा डोंगर यांमुळे शरीरात आतल्या आत दाह धुमसत राहतो, हे त्यांनी मला तेव्हा समजावले. ऑक्सिडेटिव्ह ताण हा शब्द माझ्यासारख्या शब्दांच्या हौशी माणसापुरता. उरला या कारखान्यांच्या वसाहतीतल्या रोलिंग मिलमधले परसरामभाऊ आले, त्यांना त्या म्हणाल्या, "यार्डात उघड्यावर पडलेलं लोखंड पाहता ना भैया? तसा गंज आतून चढते. लालभाजी, जवस, आवळा, डाळ, हे त्याच्यावरचं रंगरोगण समजा."

परसरामभाऊ पुढच्या खेपेला भलत्याच खुशीत आले. "दीदी, मी गोळ्या बंदच करून टाकल्या. रोज जवसाची चटणी खाऊन राहिलो ना, आता काहून पाहिजे गोळी?"

ताईंचा चेहरा उतरला. "जवस चटणी आहे, भगवान नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळी सोडायची नाही."

"हव दीदी."

त्या 'हव'वर ताईंचा विश्वास बसला नाही. संध्याकाळी ट्रकांच्या धुळीतून स्कूटर काढून त्या उरल्याला गेल्या, परसरामभाऊंच्या बायकोला सगळे समजावले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांसमोर उभे केले. स्कूटरवर मागे मी बसलो होतो. परतताना त्या म्हणाल्या, "मले माझ्याच चटणीची भीती वाटते हो. लोक तिच्यावर जास्तच भरोसा करून राहिले." स्वतःच्या विद्येला इतके भिऊन वागणारे माणूस मी दुसरे पाहिलेले नाही.

आता या गौरवलेखात जे लिहितो ते समितीला रुचेलच असे नाही. ताईंना विचारले आहे. "लिहा," म्हणाल्या, "नुसतं गोड कोणाले पचते?"

या उन्हाळ्यात एका बाईंनी ताईंच्या टेबलावर तेलाचा डबा ठेवला. खवट वास दाराजवळच्या माझ्या नेहमीच्या खुर्चीपर्यंत आला. ताईंनी झाकण काढले, नाक जवळ नेले, तसेच ठेवले. मग विचारले, "कधीचं आहे हो?"

हा प्रश्न त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

"कालचंच, दीदी."

"मग चालेल."

बाहेर मी त्या बाईंना गाठले. त्या ओशाळल्या. "होळीचं आहे, भैया. पण दीदीले वास आला नाही, तं मले वाटलं, बरंच असन."

पुढच्या आठवड्यात घरची जवसाची चटणी उन्हाळ्याने बिघडली, ती मी फेकली नाही, ताईंकडे नेली. त्यांनी बोटाने चाखली. "वहिनींना सांगा, छान जमली."

"ताई, ही खवट आहे."

त्यांनी पुन्हा एकदा चाखून पाहिली. मग हसल्या. "काही नाही हो. साठी झाली, नाक रिटायर झालं. तुमचं समारंभाचं होऊ द्या, मग बघू."

वास जाण्याचे कारण साधेही असेल. तपासल्याशिवाय ते मला कळणार नाही आणि त्यांनाही कळणार नाही. आम्हा सगळ्यांचे डबे त्यांनी उघडले; त्यांच्या डब्याचे झाकण काढायला घरात दुसरे कोणी नाही.

ताईंना उदंड आयुष्य लाभो, ते धडधाकट जावो, आणि माझ्या सौभाग्यवतींना त्यांनी पुन्हा एकदा मौनात पाठवावे, ही माझी प्रार्थना. पण नुसती प्रार्थना करून मला झोप लागत नाही. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे. चणे संपले की रिक्षा दाराशी उभी असेल.

"काही नाही" हे मी एकदा ऐकून घेतले होते, ताई. मला फार भीती वाटते. चला.