शलाका धावपट्टीच्या टोकावरून परत आली

गेल्या रविवारी आम्ही एक छोटं विमान बघायला रायपूरहून दोन तास गाडी हाकत गेलो. विमान कसलं... दोन माणसं बसली की हाऊसफुल्ल. गाडीत तर आम्ही पाच जण होतो.

हे सगळं माझ्या नणंदेपायी, शलाकापायी. ती भनपुरीतल्या एका कारखान्यात कुठला माल कुठल्या ट्रकने कधी जाणार ते बघते. म्हणजे जेवतानाही फोन कानालाच. या बाईने गेल्या वर्षी जाहीर केलं, की मी विमान चालवायला शिकणार. आम्ही हसलो... आणि ती जाऊन नाव घालून आली.

तेव्हापासून दर रविवारी पहाटे निघते. बाकीच्या दिवशी ऑफिसातून आली की हवामानाचं पुस्तक. पोळ्या लाटता लाटता ढगांची नावं पाठ करते, त्यातली निम्मी आता मलाही येतात. दमले म्हणून तिने एखादा रविवार बुडवलेला मी पाहिला नाही. मी जिमची वर्षाची फी भरून आठवडाभरही गेले नाही, त्यामुळे मला तिचं फारच कौतुक वाटतं.

त्या रविवारी तिची पहिली सोलो होती. म्हणजे शिकवणारे सर खाली उतरणार, आणि ती एकटी विमान उडवून, एक फेरी मारून परत उतरवणार. व्हायला हवी होती ती त्याच रविवारी. सोमवारपासून कारखान्यात मोठं काम निघणार होतं, पुढचे दोन महिने सुट्टीचं नाव नाही. एवढा खंड पडला की सरांसोबत पुन्हा सगळी उजळणी... सोलो गेली लांबणीवर.

गाडीत आम्ही नवरा-बायको, शलाका, पुरानी बस्तीतल्या आत्याबाई आणि बाबा. बाबा म्हणजे माझे सासरे. रेल्वेत ड्रायव्हर होते, अख्खी नोकरी मालगाड्यांवर गेली. लेकीच्या विमानाबद्दल त्यांनी वर्षभरात बरं-वाईट एक अक्षर काढलं नव्हतं. शलाका दाखवायची नाही, पण तिला ते फार टोचायचं.

आत्याबाईंनी औक्षणाचं ताट आणलं होतं. विमानाला ओवाळायचं म्हणून त्या निरांजन लावायला बसल्यासुद्धा... तेवढ्यात चौकीदार धावत आला. "अरे माताजी, यहाँ पेट्रोल रहता है, दीया मत जलाओ!" ताट मुकाट्याने डिकीत गेलं.

आधी सरांसोबत दोन-तीन फेऱ्या झाल्या. मग सर उतरले, दार नीट लावलं, तिला अंगठा दाखवला आणि आमच्याजवळ येऊन उभे राहिले. विमान डुलत डुलत धावपट्टीच्या टोकाला गेलं आणि तोंड फिरवून थांबलं. नवऱ्याने व्हिडिओ सुरू केला, आत्याबाईंनी डोळे मिटून जप सुरू केला.

विमान उभंच. पंखा फिरतोय, आवाज येतोय... पण जागचं हलेना. आणि मग ते वळलं आणि हळूहळू आमच्याकडेच परत आलं.

"बिघडलं काय जी काही?" आत्याबाई म्हणाल्या.

बिघडलं काहीच नव्हतं. शलाका उतरली, चेहरा घामाने निथळत होता. "वारा आडवा सुटला. मधूनच जोर धरून राहिला. सर बाजूले असते तं गेली असती... आज एकटीनं नाही झेपणार मले."

"अरे यार शलू, इतनी दूर आके..." नवरा बोलून गेला आणि माझ्याकडे बघून त्याने व्हिडिओ बंद केला. कडेच्या खांबावरची वारा दाखवणारी नारिंगी पिशवी पायजम्याच्या पायासारखी फडफडत होती. खरं सांगते, मला ती सकाळपासून तशीच दिसत होती.

सर म्हणाले, "हवा लिमिट में थी. जाती तो मैं रोकता नहीं. लेकिन अकेले का हिसाब अकेले को ही करना पड़ता है." त्यांच्या आवाजात नाराजी अजिबात नव्हती. पण शलाकाचं लक्षच नव्हतं, ती लांब एका ओट्यावर जाऊन पाठ करून बसली होती.

आणि बाबा उठले. वर्षभर गप्प बसलेला माणूस, आता नेमकं काय बोलणार? मी मागोमाग गेले.

"काहून रडून राहिली?"

"नाही रडून राहिली." रडतच होती. "सगळे पाहून राहिले होते, बाबा. परत वळताना लाज वाटली मले."

बाबा तिच्या शेजारी बसले. "लाजेपायी गाडी पुढं काढणारे लई पाहिले मी. माझ्या बाजूले तं असिस्टंट राहे. तू एकटी होती, तरी थांबली." मग तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "ड्रायव्हर झाली तू, पोट्टी."

मग ती खरी रडली... आणि मीही. का लपवू?

परतीच्या वाटेवर बाबा पुढच्या सीटवरून मान वळवून तिला विचारत होते. वारा मोजतात कसा, ब्रेक कुठे असतो, वर सिग्नल कोण देतं... साठवून ठेवलेले वर्षभराचे प्रश्न अभनपूर मागे पडलं तरी संपेनात. फोन वाजत होता, शलाकाने एकदाही उचलला नाही.

सोलो अजून व्हायचीच आहे. कधी होईल, तिलाही माहीत नाही. मला उंचीची इतकी भीती, की गच्चीच्या कठड्याजवळही मी जात नाही. पण ज्या दिवशी ती म्हणेल ना, "चला वैनी"... त्या दिवशी मी तिच्या बाजूच्या सीटवर बसणार. जिला परत वळता येतं, तिच्यासोबत मी कुठेही जाईन.