पाठीतली काडी

हस्तकलेच्या प्रदर्शनात एका टेबलावर कापडाचे पुरुष ओळीने उभे होते. ढाल घेतलेला मावळा, कानावर बोरू खोचलेला पेशवाईतला कारकून, काळ्या कोटातला इंग्रजी अमदानीतला वकील, खादीच्या टोपीतला मास्तर. प्रत्येकाच्या मिशीचा पीळ वेगळा. टेबलामागे खुर्चीत एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या बाई सुईत दोरा ओवत होत्या.

"फार सुंदर केलेत हो बाहुले!" मी गृहस्थांना म्हणाले. त्यांनी हसून मान तुकवली आणि कौतुक ठेवून घेतलं.

तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने मावळा आडवा झाला. बाईंनी त्याला उचललं, अंगरखा वर केला आणि पाठीला शिवलेली बांबूची काडी सरळ केली.

"बाईची बाहुली लुगड्याच्या घेरावर आपली आपण उभी राहते," त्या म्हणाल्या. "पुरुषाला मागून काडी लागतेच."

"म्हणजे हे सगळे तुम्ही केलेत?"

"मीच. आत चिंध्यासुद्धा माझ्याच जुन्या साड्यांच्या आहेत. हे सोबतीला येतात."

मिस्टरांची मान अजून तुकवलेलीच होती. मला त्यांचा संताप आला. पगड्या गेल्या, टोप्या आल्या, काडी तेवढी तशीच राहिली, आणि ती झाकायची रीतही. पण खुर्ची बघून कौतुक कुणी केलं होतं? मीच ना, एका बाईने!

बाईंनी अंगरखा नीट खाली ओढला आणि मावळा माझ्यासमोर धरला.

"बघा बरं, काडी दिसत नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. "अजिबात दिसत नाही."

त्यांना बरं वाटलं.