वळसंगच्या मास्तरांचं कच्चं गणित

कराचीच्या गोदीत आम्ही सोलापूरकडची माणसं एका खोलीत राहतो. संध्याकाळी मी मोठ्यानं चरित्रं वाचतो. चौथी झालेला मी एकटाच. राजे झाले, पैलवान संपले. पुढं कुणाचं? मी म्हणालो, एखाद्या जिवंत गणित्यानं स्वतःचं सांगितलेलं मिळालं तर मजा येईल.

दत्तू म्हणाला, "आकडेवाल्याच्या जिंदगीत असतंय काय? बेरीज?"

सगळे हसले. सुट्टीवर निघताना मी बोलून बसलो, आणतोच. न आणल्यास वाचन बंद आणि त्या वेळेला दत्तूच्या सोंगट्या, असं ठरलं.

मुंबईपर्यंत बोट. डेकवर जाणार असाल तर सतरंजी आपली न्या, लाकूड ओलं असतं. पुढं रेल्वेनं सोलापूर. उतरल्या उतरल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, तेव्हा कुठं घरी आल्यासारखं वाटलं. वळसंगला टांगा जातो, पण अक्कलकोटकडची मोटर स्वस्त पडते. फक्त तोंडाला पंचा गुंडाळा, धूळ लई.

तिथले शिवलिंगप्पा मास्तर पूर्वी कॉलेजात शिकवायचे, आता शेती बघतात. त्यांचं गणित विलायतेच्या मासिकात छापलंय. माझं मागणं ऐकून ते खूश झाले, लगेच लिहायला बसले आणि एक कागद हातात दिला. जन्म, शिक्षण, नोकरी, गणित सुटलं. संपलं. एवढ्यावर दत्तू सोंगट्याच मांडणार.

मी म्हणालो, "मास्तर, मधलं कुटं गेलं?"

"मधलं कच्चं असतं बाळ. ते पुसायचं आणि पक्कं तेवढं ठेवायचं. आमची रीतच हाय."

त्यांच्या बायको गंगव्वाकाकू गव्हाची गोड हुग्गी वाढत होत्या. म्हणाल्या, "तुमचं कच्चं समद्या गावानं खाल्लंय की."

मग उलगडलं. गणित सुटलं असं वाटलं की मास्तर गल्लीभर गूळखोबरं वाटायचे. सकाळी चूक सापडायची, की पुन्हा दारोदार जाऊन सांगायचे, चुकलं बरं का. असं वर्षानुवर्षं चाललं. लोक म्हणायचे, असू द्या मास्तर, परत सोडवा. आडावर बायका काकूंना विचारायच्या, औंदा सुटंना का अजून? आणि खरोखर सुटलं, तेव्हा मास्तर एवढे धास्तावलेले की कुणाला न सांगता गुपचूप टपालात टाकून आले.

"खऱ्याचा गूळ अजून यायचाच हाय," काकू म्हणाल्या. मास्तर हसता हसता डोळे पुसायला लागले.

दिवस मावळेपर्यंत दोघं सांगत होते, भांडत होते. कुठली चूक सुगीत झाली, कुठली गाय व्याली तेव्हा. मी लिहीत होतो. गणितही समजावलं त्यांनी, ताटात ज्वारीचे दाणे मांडून. चार दाण्यांपर्यंत मला कळलं.

तुमच्या गावात असा कुणी गणिती असेल तर आत्ताच जा. पक्कं देतील, ते घेऊन परत फिरू नका. कच्चं मागा. आणि बायकोसमोर मागा.

कराचीत वाचायला बसलो. दत्तू सोंगट्या मांडीवर घेऊनच बसला होता. पहिल्या गुळाला हसला, दुसऱ्याला पुढं सरकला. मास्तर टपाल टाकून एकटेच घरी परतले, तिथं मी थांबलो. दत्तू उठून बाहेर गेला. आला तो कोपऱ्यावरच्या दुकानातून पुडा घेऊनच, आणि प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवत गेला.

"घ्या," म्हणाला, "मास्तरचं गणित सुटलं."