लिंबायतची खोली

सुरतेला जायला बेबाबाई तयार झाली तेव्हा तिनं नवऱ्याला एकच अट घातली. खोली कशीही चालेल, पाणी खालून भरून आणावं लागलं तरी चालेल, पण आपल्याकडचं एकही माणूस राहत नाही अशा वस्तीत ती हवी.

लीलाधरला आधी हसू आलं. "अगं, नरडाण्याला गाडीत बसलेला माणूस उधन्याला उतरतो आणि सरळ लिंबायतला जातो. सुरतेत कुठं राहतोस, असं आपल्याकडं कोणी विचारतसुद्धा नाही."

"म्हणूनच," ती म्हणाली. तिचा चेहरा बघून त्याचं हसू विरलं.

बेबाबाई पुढं बऱ्याच वर्षांनी पिंप्राळ्यात माझी शेजारीण झाली. हे सगळं मला तिच्याकडूनच कळलं, कधी पापड वाळवताना, कधी दळणाच्या डब्यावर बसून. ही गोष्ट शहाऐंशी-सत्त्याऐंशीची.

तिचं माहेर सोनगीरचं. वडील वना, थोडी कोरडवाहू जमीन, दोन बैल. तिला पहिल्यांदा दिली ती भडगावला, अभिमनच्या घरी. अभिमन स्वभावानं गरीब. घरात चाले ती त्याच्या मोठ्या भावाची, झुलालची. बापामागं झुलालनंच शेत सांभाळलेलं, धाकट्याला वाढवलेलं. त्या जोरावर तो धाकट्याला लग्नानंतरही लहान पोरासारखा वागवायचा. एकदा कापूस वेचून यायला उशीर झाला म्हणून त्यानं बेबाला अंगणात, चार बायांच्या देखत, बैल हाकायच्या पराणीनं मारलं. अभिमन ओट्यावर बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

ती दुसऱ्या दिवशी नेसत्या लुगड्यानिशी सोनगीरला आली ती परत गेलीच नाही. पंच बसले, फारकत झाली. तिथं सगळं संपायला हवं होतं. पण त्यानंतर महिनाभरात अभिमन घरातून निघून गेला. कुठं गेला, कोणाला पत्ता नाही. झुलालनं धुळं धुंडाळलं, जळगाव धुंडाळलं, आणि एक दिवस सोनगीरला येऊन वनाच्या दारात उभा राहिला.

"तुझ्या पोरीनं माझा भाऊ घालवला," तो म्हणाला. "ती जिथं घर मांडील तिथून तिला ओढून आणीन. माझा भाऊ मिळेस्तोवर तिला सुखानं खाऊ देणार नाही."

तो ओरडला नव्हता. हळू बोलला होता, आणि बेबाला त्याचीच जास्त भीती बसली.

वर्षानं तिचा लीलाधरशी पाट लागला. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली होती. तो सुरतेच्या कापड मार्केटात साड्यांची पार्सलं बांधायचा. सगळं ऐकून घेऊन त्यानं तिला केली. तो धीराचा होता, पण दिवसभर मार्केटात असायचा.

लीलाधरची आत्या तानुबाई लिंबायतला राहायची. तिनं आपल्या शेजारची खोली भाच्यासाठी धरून ठेवली होती. "ये रे भो, चुना मारून ठेवलाय," असा तिचा निरोप. पण त्याच गल्लीत पुढं भडगावची चार-पाच घरं होती. लीलाधरनं काहीतरी कारण सांगून नाही म्हटलं. कारण खरं नव्हतं हे म्हातारीला कळलं, आणि ती रुसली.

मग दोघांनी सुरत पालथी घातली. कतारगामला घरमालकानं गाव विचारलं, जात विचारली आणि खोली कालच गेली म्हणाला. रांदेरला खोली चांगली होती, पण खाली चहाच्या टपरीवर कोणीतरी "काय भो, कसा काय?" म्हणालेलं बेबाच्या कानावर पडलं आणि ती पायरीवरूनच माघारी फिरली. शेवटी तापीच्या पलीकडं, अडाजणला, एका नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर मिळालं. मालकीण मणिबेन समोरच्याच दारात राहायची. मांसमच्छी करणार नाही एवढं वचन तिनं घेतलं. गाव विचारलं तेव्हा लीलाधरनं तोंड उघडायच्या आत बेबा म्हणाली, "नाशिक."

जागा स्वच्छ होती. नळाला पाणी होतं, गच्चीवर वारा होता. बेबानं पाचवारी नेसायला सुरुवात केली, पदर गुजराती पद्धतीनं उजव्या खांद्यावरून घेऊ लागली. भाजीवाल्याशी दोन-चार गुजराती शब्दांत भागवायची. घरातसुद्धा ती अहिराणी बोलेना. लीलाधर काही बोलायला गेला की ती आधी खिडकी लावायची.

"इथं कोणाला कळतंय?" तो म्हणायचा.

"कळत नाही म्हणूनच लक्षात राहतं," ती म्हणायची.

जिन्यावर पावलं वाजली की तिचं काम हातातल्या हातात थांबायचं. पावलं वरच्या मजल्यावर गेली की मग कणकेत पुन्हा पाणी पडायचं. शेजारच्या बाया वाईट नव्हत्या. पण सगळ्यांची दारं दिवसभर बंद असायची, आणि ती स्वतः कोणाचं दार वाजवत नव्हती. वर्ष असं गेलं. तिला दिवस राहिले.

एका दुपारी ती गच्चीवरून कपडे घेऊन खाली आली तर मणिबेन दारात हसत उभी. "तारा भाई आव्या हता," ती म्हणाली. तुझा भाऊ आला होता. चांगला माणूस. तू वर होतीस म्हणून थांबला नाही. नवरा किती वाजता जातो, किती वाजता येतो, सगळं विचारत होता. उद्या परत येतो म्हणालाय.

बेबाला भाऊ नव्हता.

मणिबेनला काय म्हणावं? तिनं पाहुण्याला पाणी दिलं होतं, दार दाखवलं होतं. तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं. बेबा नुसती "हो" म्हणाली, घरात गेली आणि कडी लावून भिंतीला टेकून बसली. तिला आठवलं, लीलाधरच्या मार्केटात भडगावचे हमाल होते. एवढा मोठा पूल ओलांडून आलो, पण लीलाधर रोज त्याच पुलावरून कामाला जात होता. कोणीही मागं मागं आलं असतं.

लीलाधरनं दुसऱ्या दिवशी सुट्टी मागितली. दिवाळीच्या तोंडावर मार्केटात कामाचा ढीग, शेठनं अर्ध्या दिवसाची कबूल केली. "दुपारी येतोच," म्हणून तो गेला.

झुलाल सकाळीच आला.

त्यानं दार वाजवलं नाही, थोपटलं. "बेबा, दार उघाड. माले माहीत शे, तू घरमा शे."

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती. हातात पोळपाट होतं. ते खाली ठेवलं तर आवाज होईल म्हणून तिनं ते तसंच धरून ठेवलं.

"मना भाऊ घालवा तू," बाहेरून आवाज आला, तसाच हळू. "आनि आठे, सुरतमा, मजामा ऱ्हास."

तिनं सगळा जीव गोळा करून मदतीसाठी आरोळी मारली. "वाचाडा! कोनी ते या!"

मणिबेनचं दार उघडल्याचा आवाज आला. झुलाल तिला हिंदीत काहीतरी म्हणाला. बहीण रागावली आहे, घरची गोष्ट आहे, असं काहीसं. मणिबेनचं दार पुन्हा लागलं. वरच्या मजल्यावर कोणीतरी कठड्यावरून डोकावलं असावं, बांगड्या वाजल्या. मग त्याही गेल्या. झुलाल जिन्याच्या पायरीवर बसला. त्याच्या विडीचा वास दाराखालून घरात येत राहिला. तिच्या पायात गोळे आले, तरी ती बसली नाही.

बऱ्याच वेळानं खालून मणिबेनचा नवरा आला, जिन्यात बसलेल्या परक्या माणसाला त्यानं हटकलं, तेव्हा झुलाल उठला. "परत येसु," एवढं दाराशी तोंड नेऊन म्हणाला आणि गेला.

लीलाधर आला तेव्हा दार उघडायला तिला वेळ लागला. तिनं त्याला पाणीसुद्धा न देता सांगितलं, "आत्याबाईंना विचारा, ती खोली अजून रिकामी आहे का."

"लिंबायतची?" लीलाधर बघतच राहिला. "तिथं भडगावची घरं आहेत. झुलाल स्वतः तिथंच कोणाकडं तरी उतरला असेल!"

"असू द्या."

"डोकं फिरलंय का तुझं? वाघाच्या गुहेत जाऊन राहायचं?"

"मी आज ओरडले," बेबा म्हणाली. "शेजारीण बाहेर आली. पण मी काय ओरडतेय तेच तिला समजलं नाही. तो भाऊ म्हणाला आणि तिनं मानलं, कारण मी कोण हे इथं कोणाला ठाऊकच नाही. मीच ठाऊक होऊ दिलं नाही. उद्या त्यानं मला जिन्यावरून ओढत नेलं तरी लोक म्हणतील, भाऊ बहिणीला घेऊन गेला."

लीलाधर रागावला, मग टेम्पो ठरवायला गेला.

तानुबाईनं आधी भरपूर बोलून घेतलं. "आता आठवण आली का आत्याची?" पण सगळं ऐकल्यावर तिनं स्वतः खोली झाडून दिली. खोलीवर पत्रा होता, दारासमोरून गटार वाहत होतं, आणि नळ गल्लीच्या टोकाला. अडाजणच्या मानानं सगळंच वाईट.

पहिल्या सकाळी बेबा हंडा घेऊन नळावर गेली. बाया तिच्याकडं बघून कुजबुजत होत्या. तिनं हंडा खाली ठेवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ती बोलली.

"मी बेबा. सोनगीरना वनानी पोर. पहिले भडगावले दियेल व्हती. फारकत व्हयेल शे. आते लीलाधरनी बायको शे. कोनले काय इचारनं व्हई, ते मालेच इचारा."

नळाचं पाणी एका भरलेल्या बादलीवरून वाहत राहिलं, कोणी बादली उचलेना. मग भडगावची सुमनबाई पुढं आली. "तुझ्यामुळं आमच्या झुलालभाऊचं घर बसलं," ती म्हणाली. "अभिमन परागंदा झाला. आणि तू पोट घेऊन मिरवतेस?"

बेबानं हंडा भरला आणि ती घरी आली, तेव्हा अर्धं पाणी वाटेत सांडलेलं होतं. "चुकलंच वाटतं माझं," ती तानुबाईला म्हणाली.

"बोललीस ते बरं केलंस," तानुबाई म्हणाली. "आता बठ्ठ्यासले माहीत शे, सगळ्या गल्लीला."

रविवारी मार्केट बंद, गल्लीत पुरुषमंडळी घरी. कोणी दाढी करत होतं, कोणी खाटेवर पडलं होतं. झुलाल गल्लीच्या तोंडाशी दिसला तसा कोणीतरी रेडिओ बंद केला. लीलाधर उठून दारात आला. बेबानं त्याला हातानं बाजूला केलं आणि स्वतः उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली. तिला कडी लावायची नव्हती.

"चाल," झुलाल म्हणाला. "पंचांसमोर सांग माझ्या भावाचं काय केलंस."

"हाई मनं घर शे," बेबा म्हणाली. "मी कोठेच येवाव नही."

त्यानं तिच्या दंडाला हात घातला. लीलाधर पुढं झाला, पण त्याच्या आधी तानुबाई मध्ये शिरली, आणि तिच्यामागून आणखी दोघी-तिघी. त्यात, बेबाला हे कधी उलगडलं नाही, सुमनबाईही होती. "पोटुशी बाई शे, हात काढ!" ती झुलालवर ओरडली.

खाटेवरून भडगावचे जीवरामआबा उठून आले. म्हातारा माणूस, लेकाकडं राहायला आलेला. ते फारकतीच्या पंचांत बसले होते. "झुलाल," ते म्हणाले, "फारकत मनासमोर व्हयनी. तू स्वतः हो म्हणालास. आता कोणत्या तोंडानं हिला हात लावतोस?"

झुलालनं हात सोडला. अख्खी गल्ली त्याच्याकडं बघत होती, सगळी त्याच्या ओळखीची माणसं. तो जिन्यात बसला होता तसा तिथंच जमिनीवर बसला. त्याचा आवाज पहिल्यांदा फुटला.

"मग मना भाऊ कोठे शे? कोनी ते सांगा."

बेबाच बोलली.

"मला माहीत नाही. माझ्याकडं तो कधी आला नाही, निरोप नाही. पण तो माझ्यामुळं नाही गेला, झुलालभाऊ. तुम्ही मला मारत होतात तेव्हा तो ओट्यावर बसला होता. त्यानं मान वर केली नाही. तुमच्यासमोर मान वर करता येत नाही म्हणून तो गेला."

तिला वाटलं, आता हा उठेल आणि मारील. तो उठला, धोतर झटकलं आणि कोणाकडं न बघता गल्लीबाहेर गेला.

तो परत दारात आला नाही. पण तो उधन्याला लूमवर कामाला लागला होता, आणि बाजारात, रस्त्यात कधी कधी दिसायचा. तो दिसला की बेबा रस्ता बदलायची. मुलगी झाली, रांगायला लागली, चालायला लागली, तरी ते सुटलं नाही. सुमनबाईनं बाळंतपणात तिला तेल लावलं, पण झुलालबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत.

दोनेक वर्षांनी एका संध्याकाळी ती दारात तांदूळ निवडत होती. झुलाल गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला. पुढं आला नाही. तिनं मुलीला ओढून मांडीवर घेतलं.

"अभिमन उना," तो तिथूनच म्हणाला. "इंदूरकडं ट्रकवर होता. आते परत घर उना."

बेबानं मान हलवली. झुलाल वळला आणि गेला. त्या आठवड्यात तो सुरत सोडून भडगावला परतला, असं सुमनबाईनं सांगितलं.

त्र्याण्णव साली लीलाधरला जळगावात एका कापड दुकानात काम मिळालं आणि ते पिंप्राळ्यात आमच्या शेजारी राहायला आले. टेम्पोतून सामान उतरायच्या आधी बेबाबाई आमच्या दारात येऊन उभी राहिली. तिनं स्वतःचं नाव सांगितलं, माहेर सांगितलं, पहिलं सासर सांगितलं, दुसरं सांगितलं. मी गोंधळून तिच्याकडं बघत राहिले आणि मग तिला पाणी दिलं.