वर वजन ठेवू नये

केंदूरच्या गेणबाची रुपाली सायकलवर बसायला शिकली ती दुधाच्या किटल्यांसकट. वस्तीपासून डेअरी दीड कोस, वाटेत दोन ओढे, आणि कॅरिअरच्या दोन्ही अंगांना भरलेल्या किटल्या. दूध सांडलं तर आई, गिताबाई, दिवसभर बोलायची. त्यामुळे पोरीचा तोल असा पक्का झाला, की पुढे शिरूरच्या कॉलेजात खेळाच्या सुलक्षणा मॅडमनी तिच्या हातात रेसची सायकल दिली तेव्हा ती म्हणाली, "ही लईच हलकी हाय मॅडम. मागं काय तरी बांधू का?"

दोन वर्षांत ती जिल्ह्यात पहिली आली. मग गेणबाने नऊ मेंढरं विकली. त्याचा बाप मेंढरं घेऊन दर वर्षी कोकणात उतरायचा. गेणबाने तीन एकरांत पाय टेकले, तरी तीस-पस्तीस जनावरं राखली होती. त्यातली नऊ गेली आणि पुण्याच्या एका खेळाडूची वापरलेली परदेशी सायकल घरी आली. चौदा हजारांना. व्यवहार स्टँपपेपरवर झाला, कारण गेणबाला लिहिता येत नव्हतं आणि म्हणूनच तो लिहिलेल्याला फार मानायचा. गावात चार दिवस लोक सायकल बघायला येत होते. एका म्हाताऱ्याने ती दोन बोटांनी उचलली आणि गेणबाकडे असं पाहिलं, की जणू त्याला कुणीतरी फसवलं होतं.

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर बिकानेरला देशपातळीची शर्यत होती. रुपालीचं नाव राखीव यादीत होतं. एक मुलगी आजारी पडली आणि आयत्या वेळी रुपालीला बोलावणं आलं. संघाच्या सायकली आधीच पुढे गेल्या होत्या. तिने दौंड स्टेशनवर चौकशी केली, पण वाटेत दोनदा गाडी बदलायची, आणि सामानाच्या डब्यातली सायकल प्रत्येक वेळी तिच्याच गाडीत चढेल याची हमी कुणी देईना. सुलक्षणा मॅडम म्हणाल्या, "ट्रान्सपोर्टने पाठव. विमा उतरव म्हणजे झालं."

शिरूरला मार्केट यार्डाजवळ हौसरावांची पार्सल एजन्सी होती. हौसराव केंदूरचेच. ऊस, विहिरी, सोसायटीत शब्दाला वजन. सगळे त्यांना आप्पा म्हणत. माल शिरूरला घ्यायचा, टेंपोने दौंडच्या गोदामात टाकायचा, तिथून उत्तरेच्या ट्रकमध्ये, असा त्यांचा धंदा.

काउंटरवरच्या कारकुनाने आधी पेटी मागितली. सुट्टी सायकल घेत नाही म्हणाला. रुपालीने सुताराकडून फळ्यांची पेटी करून घेतली, फ्रेम घोंगडीत गुंडाळली, चाकांमध्ये भाताचा पेंढा कोंबला. पेटी आली तेव्हा कारकुनाने टेप लावली. सायकल अकरा किलोची, पण पेटीने जागा अडवली म्हणून भाडं चाळीस किलोचं. त्यावर हमाली. नाजूक माल म्हणून वेगळे एकशेवीस. विम्याचा हप्ता निराळा.

"किंमत दोन हजार टाका," कारकून म्हणाला. "हप्ता कमी बसंल. सायकलच तर हाय."

"चौदा हजार लिहा."

"कोण इचारतंय ताई तिथं?"

"मी विचारीन. चौदा लिहा."

त्याने लिहिलं. रुपालीने लाल रंगाचा डबा मागून घेतला आणि पेटीच्या चारी बाजूंवर, मराठीत आणि हिंदीत, स्वतः ठळक अक्षरांत लिहिलं: वर वजन ठेवू नये. सगळी बेरीज तिच्या रेल्वेच्या तिकिटाच्या तिप्पट झाली. घरी आल्यावर तिने ते सांगितलं तेव्हा गिताबाई म्हणाली, "मग तूच पेटीत बसून गेली असतीस तर?"

बिकानेरला शर्यतीच्या तीन दिवस आधी ती ट्रान्सपोर्टच्या गोदामात गेली. पेटी कोपऱ्यात होती. झाकणाच्या दोन फळ्या आत बसल्या होत्या आणि फटींत कांद्याची वाळलेली सालं अडकली होती. कांदा शिरूर-दौंडकडचा, हे तिला वासावरूनच कळलं. तिथल्या बाबूने वही पुढे केली. माल ठीक मिळाला, अशी सही केल्याशिवाय पेटी हलणार नव्हती.

रुपाली खाली बसली आणि तिथेच पेटी उघडायला लागली. बाबू म्हणाला, घरी जाऊन उघडा. ती उघडतच राहिली. पुढचं चाक धरणारा चिमटा एका अंगाला वळला होता, मागच्या चाकाच्या पाच तारा तुटल्या होत्या आणि फ्रेमला, पायडलच्या वर, केसाएवढी चीर होती. तिने चिरेवरून नख फिरवलं. नख अडकलं. त्या क्षणी तिला नऊ मेंढरं आठवली, त्यातल्या दोघींना तिने स्वतः बाटलीने दूध पाजलं होतं. 

मग तिने वही ओढली आणि सहीच्या जागेवर काय काय मोडलं ते सगळं लिहिलं. चार ओळी झाल्या. बाबूने वही हिसकावली, "ये नहीं चलेगा" म्हणाला. ती पेटीवर बसली. "चलेगा तब तक मैं यहीं बैठी हूँ." दुपारी जेवायची वेळ झाली, हमाल डबे उघडून जेवले, ती बसून होती. चार वाजता बाबूने खाली शिक्का मारला आणि तिची प्रत तिला दिली.

शर्यत तिने पंजाबच्या एका मुलीच्या जादा सायकलवर केली. सायकल तिच्यापेक्षा उंच होती. सीट खाली आणूनही टाच पुरत नव्हती. तिसऱ्या फेरीत सगळा घोळका पुढे निघून गेला. पाणी देणाऱ्या माणसाने हाताने खूण केली, थांब आता. ती थांबली नाही. एकोणचाळीस जणींत चौतिसावी आली, आणि तिच्या मागच्या पाच जणींची नावं तिला पुढे कित्येक वर्षं पाठ होती.

परतीला तिने सायकल कुणाच्या हवाली केली नाही. चाकं काढली, सगळं घोंगडीत बांधलं आणि बर्थखाली सरकवलं. तिकीट तपासनीस म्हणाला, हे मालाच्या ब्रेकव्हॅनमध्ये जाईल. ती म्हणाली, "पैसे लीजिए, रसीद दीजिए. साइकिल यहीं रहेगी." त्याने दंडासकट पैसे घेतले आणि पावती दिली.

घरी आल्यावर तिने विम्याचा दावा लावला. महिन्याने कंपनीचं पत्र आलं. पॅकिंग योग्य नव्हतं, सबब दावा मंजूर करता येत नाही. शिवाय मूळ बिल जोडलेलं नाही. रुपाली शिरूरला एजन्सीत गेली. त्यांनी पुण्याला कंपनीकडे पाठवलं. कंपनीने परत एजन्सीकडे. तिसऱ्या फेरीला हौसराव स्वतः भेटले. त्यांनी चहा मागवला.

"बाळ, तू आपल्या गावची. तीन हजार घे आन् कागदावर सही दे. कशाला ह्या भानगडीत पडतीस?"

"आप्पा, चौदा हजाराचा हप्ता घेतला तुमच्या माणसानं."

"अगं, इमा म्हंजी काय लगेच मिळतो व्हय?"

"मग घेताना तसं सांगायचं होतं."

चहा तसाच राहिला. दोन दिवसांनी हौसराव गेणबाच्या वस्तीवर आले. उसाची तोड झाली की त्यांच्या रानात गेणबाची मेंढरं बसायची. रानाला खत मिळायचं, मेंढरांना पाला. पिढीची वहिवाट होती ती. हौसराव अंगणातल्या बाजेवर बसले आणि म्हणाले, "गेणबा, पोरीला समजाव. औंदा तुझी मेंढरं माझ्या रानात बसायची हायेत का न्हाई, ते बघ."

रुपाली दारात उभी होती. बापाने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने तंबाखू मळून तोंडात टाकली.

"आप्पा," तो म्हणाला, "माझा बा तुमच्या बाच्या रानात मेंढरं बसवायचा. तवा तुमचा बा आमाला धान्य द्यायचा, खतापायी. मेंढरं काय, ती आणिक कुठं बी बसत्याल. तुमच्या रानाचं तुमी बघा."

हौसराव उठून गेले. त्या वर्षी गेणबाने मेंढरं पाबळकडे नेली. रोज दोन कोस जास्त चालावं लागलं. गिताबाई त्याबद्दल बोलायला लागली की तो म्हणायचा, "गप. लिवलेलं हाय पोरीपाशी."

रुपालीने पुण्याच्या ग्राहक मंचात तक्रार केली. वकील केला नाही, परवडतही नव्हता. पहाटेच्या एसटीने जायचं, नंबर लागला नाही तर पुढची तारीख घेऊन यायचं. अशा अकरा तारखा झाल्या. शिरूरच्या स्टँडवरचे कंडक्टर तिला विचारायचे, आज लागला का निकाल?

कंपनीच्या वकिलांनी बाजारातल्या सायकलींचं दरपत्रक आणलं होतं. अठराशे रुपये. ते म्हणाले, दुचाकी सायकल चौदा हजारांची असते हेच मुळात पटण्यासारखं नाही. रुपालीने त्या दिवशी मोडकी फ्रेम सोबत नेली होती. तिने खरेदीचा स्टँपपेपर टेबलावर ठेवला आणि फ्रेम वकिलांसमोर धरली.

"साहेब, एका बोटानं उचला."

वकिलांनी मंचाच्या अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "उचला की." वकिलांनी बोट घातलं आणि फ्रेम वर आली. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी ती मागून घेतली, स्वतः उचलून पाहिली आणि चिरेवर नख फिरवलं.

मग पॅकिंगचा मुद्दा निघाला. रुपालीने पावती पुढे केली. "नाजूक माल म्हणून एकशेवीस रुपये जास्तीचे घेतलेत. पेटी कच्ची होती तर घेतानाच का नाही म्हणाले? पेटीवर चारी बाजूंनी लिहिलं होतं. त्यावर कांद्याच्या गोण्या मी ठेवल्या नाहीत." बिकानेरच्या शिक्क्याचा कागदही तिने दिला. अध्यक्षांनी तो दोनदा वाचला आणि एजन्सीच्या माणसाला विचारलं, "हा शिक्का तुमच्याच तिथल्या गोदामाचा ना?" तो हो म्हणाला.

निकाल नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात लागला. सायकल वापरलेली होती म्हणून थोडी घट धरून अकरा हजार, वर खर्चाचे दीड हजार. विमा कंपनी आणि एजन्सी दोघांनी मिळून. हौसरावांनी निरोप पाठवला, चेक तयार आहे, घरी येऊन घेऊन जा. रुपालीने उलट निरोप दिला, मंचाच्या हुकमात पत्ता आहे, त्या पत्त्यावर पाठवा. पंधरा दिवसांनी पोस्टमन ज्ञानदेव रजिस्टर घेऊन वस्तीवर आला. गेणबाने पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाला, "एवढं पातळ?"

नवी फ्रेम पुण्याला मिळाली. दुकानदार म्हणाला, पार्सल करून देतो, उद्या शिरूरला पोचेल. रुपालीने त्याच्याच दुकानात बसून सोबत नेलेली जुनी चाकं चढवली, साखळी घातली, हवा भरली. दुपारी निघाली. कोरेगाव भीमाच्या अलीकडे कारखान्यांच्या शिफ्ट सुटल्या होत्या, बसच्या खिडक्यांतून माणसं ओरडत होती, एक ट्रकवाला बरंच अंतर तिच्या बरोबरीने चालला आणि शेवटी कंटाळून पुढे गेला. केंदूरला पोचायला साडेपाच वाजले. हौसरावांच्या बांधावरून जाणारा जवळचा रस्ता होता, आणि ती त्याच रस्त्याने आली. आप्पा विहिरीपाशी उभे होते. त्यांनी सायकलकडे पाहिलं. तिने बेल वाजवली नाही, मानही खाली घातली नाही.

त्या हिवाळ्यात राज्याच्या शर्यतीत ती तिसरी आली.