सरहद्दीपर्यंत सोबत

टीव्हीवर बातमी चालू होती. कुठल्याशा देशाच्या हद्दीत परक्यांचं लष्करी विमान शिरलं, तशी तिथली दोन लढाऊ विमानं लगेच वर झेपावली. गोळी कुणी झाडली नाही. आधी रेडिओवर विचारलं, "कोण तुम्ही? इकडे कशाला आलात?" मग त्याच्या शेजारून उडत पंख हलवून इशारा केला आणि सरहद्दीपर्यंत सोबत करून त्याला घालवून दिलं.

मला त्या देशाचा हेवा वाटला. आभाळात रेघ कुठे दिसते? तरी ती ओलांडली की विचारता येतं.

माझ्या स्वयंपाकघरात त्या वेळी माधवी उभी होती. ही ह्यांची कॉलेजातली मैत्रीण. तिनं न विचारता आमटी चाखली, गुळाचा डबा शोधला आणि म्हणाली, "वहिनी, दिन्याला आमटी गोडच लागते."

दिन्या! लग्न झाल्यापासून मी ह्यांना एकदाही नावानं हाक मारलेली नाही. आणि बाहेर हे चक्क हसले. माझ्या मनातलं रडार केव्हाचं ठणाणा करत होतं, पण तोंडातून निघालं काय, तर "आणखी एक पोळी वाढू?"

ती निघाली तेव्हा मी तिच्या अगदी शेजारून चालत फाटकापर्यंत गेले. ह्यांना वाटलं, केवढं हे अगत्य! फाटकाबाहेर पाऊल टाकून तिनं हात हलवला आणि जाताना सगळेच म्हणतात तेच म्हणाली, "येते हं."

मीही रीतीप्रमाणे म्हणाले, "या."